घास, खार आणि बाटली

'क्षारसहनशील' हा शब्द हल्ली माझ्या डोक्यात जातो. शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. पण बियाण्याच्या पिशवीवर 'क्षारसहनशील', जिवाणूंच्या बाटलीवर 'पिकाची क्षारसहनशीलता वाढवते', पेपरात 'आता खाऱ्या जमिनीतही डोलणार हिरवा चारा'... आणि हे सगळं वाचून झालं की आमच्या गोतावळ्यातून मला फोन. "आगं, तू वाचतीस न्हवं यातलं? मग आणू का नको ती बाटली, तेवढं सांग."

तर मंडळी, ही पोस्ट म्हणजे त्या सगळ्या फोनांना एकगठ्ठा उत्तर. लांबण लागणार आहे. ज्यांना शेतीत अजिबात रस नाही त्यांनी पुढच्या वेळी या, रागावणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: क्षारपड रानात घास जातो तो बहुतेक वेळा पहिल्या दीड महिन्यात जातो, आणि मिठाइतकाच मुळाशी साचलेल्या पाण्याने जातो. या दोन्हींवर बाटलीत औषध नाही. आणि 'झाडालाच मीठ सोसायला शिकवू' या आशेवर आपण जे करायला हवं ते वर्षानुवर्षं पुढे ढकलतोय.

आधी थोडी ओळख, कारण शहरातल्या मित्रांना घास म्हणजे तोंडात घालायचा तो वाटेल. आमच्याकडे कृष्णाकाठी नुसतं 'घास' म्हटलं की लसूणघास. मेथीसारखी तीन-तीन पानं, निळी-जांभळी फुलं, एकदा पेरला की तीनेक वर्षं कापत राहायचं. डाळवर्गातलं पीक, त्यामुळे हवेतला नत्र मुळांच्या गाठींत स्वतःच धरतो, आणि जनावराला प्रथिनं देतो. आता सांगली-कोल्हापूरच्या गोठ्यात जाऊन बघा. उसाचं वाढं, वाढं आणि वाढं. वाढ्याने पोट भरतं, पण प्रथिनं जवळपास नाहीत, वर त्यातलं ऑक्झॅलेट जनावराच्या अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं. मग दूध टिकवायला पेंड विकत आणायची. दुधाचे पैसे एका हाताने आले की पेंडवाल्याला दुसऱ्या हाताने गेले. ज्याच्याकडे दोन म्हशी आणि दीड एकर रान आहे आणि त्यातलं अर्धं क्षारपड आहे, त्याच्यासाठी त्या अर्ध्या रानात घास उभा राहतो की नाही हा घर चालण्या-न चालण्याचा प्रश्न आहे. म्हणूनच तर बाटलीवाला त्याच्याच दारात जातो.

आता आकडे. १९७७ साली अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या लवणता प्रयोगशाळेतल्या मास आणि हॉफमन या दोघांनी तोवरचे प्रयोग चाळून एक तक्ता बनवला. मातीचा पाण्यात लगदा करायचा, त्यातून पाणी ओढून काढायचं आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. एकक डेसिसायमन प्रति मीटर. या मापात ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. तक्ता म्हणतो, लसूणघासाला २ पर्यंत काही होत नाही, त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न ७.३ टक्के घटतं. बरसीम १.५ पासून घटायला लागतो, पण उतार जरा सौम्य, ५.७ टक्के. चाऱ्याची चवळी २.५ पर्यंत टिकते आणि मग एककाला ११ टक्क्यांनी कोसळते. तुलनेला बार्ली घ्या: ८ पर्यंत तिला फिकीर नाही. (आणि ऊस? १.७. घासापेक्षाही नाजूक! पण उसाला कुणी नाजूक म्हणत नाही, कारण तो कारखान्याला जातो.)

कागद घेऊन हिशोब करा. जमीन ६ ची असेल तर लसूणघासाची घट किती? चार एकक गुणिले ७.३, म्हणजे एकोणतीस टक्के. सत्तर टक्के घास उरायला पाहिजे! वाईट सौदा नाही. मग आमच्या दादाच्या ६ च्या आसपासच्या तुकड्यात चाई पडल्यासारखे उघडे चट्टे का दिसतात? एका चट्ट्यात सगळं मेलेलं, शेजारी हातभर अंतरावर गुडघाभर हिरवा घास. सत्तर टक्के घास असा दिसत नाही. सत्तर टक्के घास म्हणजे सगळीकडे थोडा बुटका घास.

याचं उत्तर तक्त्याच्या तळटिपेत आहे, जी कुणी वाचत नाही. ते आकडे रुजलेल्या, जम बसलेल्या पिकाचे आहेत. कोंब फुटताना आणि पहिली पानं येतानाची गोष्ट वेगळी. शिवाय ते आकडे निचरा नीट असलेल्या वाफ्यांतले आहेत, पाण्यात बुडालेल्या मुळांचे नाहीत.

इथे एक आडवळण घेते, कारण याच जागी माती परीक्षणाचा कागद घात करतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा लगदा-बिगदा करत बसत नाहीत. एक भाग माती, अडीच भाग पाणी, ढवळा आणि मोजा. स्वस्त पडतं, चालतं. पण पाणी जास्त घातलं की मीठ पातळ होतं, त्यामुळे हा आकडा लगद्याच्या आकड्यापेक्षा काही पटींनी कमी येतो, आणि किती पटींनी ते मातीच्या पोतावर ठरतं. म्हणजे कागदावर १.५ बघून 'घासाला २ पर्यंत चालतं, मग आपलं बरं आहे' म्हणणारा माणूस प्रत्यक्षात चांगल्याच खाऱ्या रानात बी टाकत असतो. दुकानदाराला हा फरक माहीत नसतो, आणि असला तर तो सांगत नाही. त्याच्यासाठी दोन्हीकडून फायदाच: पीक आलं तर बाटलीने आलं, गेलं तर 'तुमचा खारच जास्त होता'. असो.

तर 'क्षारसहनशील बियाणं' कसं ठरतं? सर्वात सोपी चाचणी म्हणजे बशीत ओला कागद, त्यावर बी, आणि पाण्यात मीठ. आठवड्यात निकाल. असे निबंध ढिगाने निघतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये लोकांनी हे खूप चिकाटीने केलं. खाऱ्या पाण्यात जे लसूणघासाचं बी रुजेल तेच पुढे न्यायचं, पुन्हा रुजवायचं, पुन्हा निवडायचं. खूप खाऱ्या पाण्यातही रुजणारा घास त्यांनी खरंच तयार केला. कौतुकच आहे. पण खाऱ्या पाण्यात रुजणं आणि खाऱ्या रानात वाढणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि पहिलीत पास झालेला दुसरीत पास होईलच असं नाही, हे या विषयातले लोक तेव्हापासून सांगतायत. बशीत फक्त साधं मीठ असतं. रानात क्लोराइड, सल्फेट, सोडियम, मॅग्नेशियम अशी मिसळ असते, आणि ती दुपारी एक, पावसानंतर दुसरी आणि उन्हाळ्यात तिसरीच.

झाडाच्या बाजूने बघितलं तर मीठ दोन टप्प्यांत मारतं. पहिला टप्पा तहानेचा: मातीत पाणी आहे, पण मीठ ते सोडत नाही, मूळ ओढून थकतं. हा लगेच जाणवतो. दुसरा टप्पा विषाचा: सोडियम आणि क्लोराइड पानांत हळूहळू साठतं, जुन्या पानांच्या कडा करपतात. मोठ्या घासाकडे खोल मुळं असतात, वरच्या थरात खार असला तरी तो खालून पाणी पितो. बोटभर रोपाचं अख्खं जग वरच्या दोन इंचांत, आणि खार वर येऊन बसतो तो नेमका तिथेच, कारण ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ मागे ठेवतं.

त्यात भर पाणथळीची. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मुळाला सोडियम बाहेर ठेवायला ताकद लागते, त्या ताकदीला हवा लागते. मुळाशी पाणी साचलं, हवा संपली, की दारावरचा राखणदारच झोपला. मग तेवढ्याच खारात कितीतरी जास्त सोडियम आत शिरतो. आणि आमच्याकडचा खार आलाय कुठून? समुद्रातून नाही. काळी जमीन, उसाला दिलेलं बेसुमार पाणी, बुजवलेले ओढे-नाले, मग वर चढलेली पाण्याची पातळी, आणि त्या पाण्याबरोबर वर आलेलं मीठ. म्हणजे खार आणि पाणथळ हे आमच्याकडे जुळे भाऊ आहेत. एकाला सहन करणारं बी आणून दुसऱ्याचं काय करणार?

आता बाटली. बाटलीमागचं शास्त्र खोटं नाही, हे आधी सांगते, नाहीतर आमच्या जीवशास्त्रवाल्या मैत्रिणी चिडतील. मुळाजवळ राहणारे काही जिवाणू ताणाखालच्या झाडातलं इथिलीन कमी करतात, मुळं वाढायला मदत करतात. कुंडीत हे दिसतं. पण रानात आधीपासून राहणारे जिवाणू नव्या पाहुण्यांना सहज पाय रोवू देत नाहीत, आणि कुठलाही जिवाणू साचलेलं पाणी बाहेर काढत नाही.

डाळवर्गीय चाऱ्यात जिवाणूंचा खरा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे गाठींचा. घासाच्या मुळांवर गाठी करणारा रायझोबियम (शास्त्रज्ञ त्याला कधी सायनोरायझोबियम म्हणतात, कधी एन्सिफर. नावं बदलण्यात यांचा हात कुणी धरणार नाही) स्वतः घासापेक्षा कितीतरी जास्त मीठ सोसतो. घास सोसत नाही, जिवाणू सोसतो. पण दोघांची गाठ पडण्याचा क्षण, म्हणजे मूळरोम वाकणं, जिवाणू आत शिरणं, गाठ धरणं, हा दोघांपेक्षाही नाजूक. तिथे मीठ आडवं आलं की रोप जगतं पण पिवळं. मग शेतकरी युरिया टाकतो. युरियाने हिरवं होतं खरं, पण आयता नत्र मिळाल्यावर घास गाठी करायचं आणखीनच टाळतो. फुकटातलं खत विकतचं झालं.

इथे बाजारातल्या रायझोबियमच्या साध्या पाकिटाबद्दलही बोललं पाहिजे. २००६ साली जैविक खतं खत नियंत्रण आदेशात आली, ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी असा दंडक आला. कागदावर उत्तम. पण ते पाकीट एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात, कीटकनाशकांच्या शेजारी, उन्हाच्या फळीवर असतं. त्यातले किती कोटी जिवंत राहत असतील? आणि बरसीमचा रायझोबियम वेगळा, घासाचा वेगळा, चवळीचा वेगळा, हे विचारलं तर "सगळ्याला चालतंय ताई" असं उत्तर मला स्वतःला मिळालंय.

ज्यांना वाटतं की बियाण्याचं काम हा माझ्या लेखी नुसता वेळेचा अपव्यय, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाची गोष्ट. तिथे रानटी झाडं तोडून गहू पेरल्यामुळे पाण्याची पातळी वर आली आणि लाखो हेक्टर खारावली. (कारण वेगळं, आजार तोच.) त्यांनी भूमध्य समुद्राकाठच्या खारट दलदलीतून मेसिना नावाची एक वनस्पती उचलली. आपल्या रब्बीत गव्हात तण म्हणून उगवणारी रानमेथी आहे ना, तिची जवळची बहीण. खार आणि पाणथळ दोन्ही सोसणारी. पहिल्या वर्षी जिवाणू लावून पेरली, झकास आली. दुसऱ्या वर्षी पडलेल्या बियांतून उगवलेली रोपं पिवळी, गाठीच नाहीत. उन्हाळ्यात खाऱ्या कोरड्या मातीत जिवाणू मरून गेले होते! मग त्या मातीत उन्हाळा काढणारा दुसरा जिवाणू शोधला, आणि २०१७ मध्ये 'नेपच्यून' हे वाण आणि त्याचा तो जिवाणू अशी जोडी बाहेर काढली. याला म्हणतात बियाण्याचं काम. रानात, एकाहून जास्त वर्षं, गाठी उकरून बघत.

आणि त्या मेसिनाची मला आवडलेली खोड वेगळीच. तिचं बी कडक कवचाचं. उन्हाळ्यात वरचा थर सर्वात खारा असतो तेव्हा ते पाणी आत घेतच नाही. पावसाने वरचं मीठ धुऊन नेलं की मगच रुजतं. म्हणजे एवढी नावाजलेली क्षारसहनशील वनस्पती, तीसुद्धा खाराशी लढत नाही, वाट बघते.

कोकणातल्या खारजमिनीत आणि गोव्यातल्या खाजणात तरी दुसरं काय करतात? बांध घालून भरतीचं पाणी थांबवतात, पहिले पाऊस मीठ धुऊन नेईपर्यंत थांबतात, मग भात लावतात. हे शहाणपण मराठी माणसाला परकं नाही. घाटावर आलो की मात्र आपल्याला घाई होते. ऊस तुटला डिसेंबर-जानेवारीत, रान मोकळं झालं, टाका घास. पावसाने जेवढं मीठ खाली ढकललेलं असतं ते तोवर पुन्हा वर चढायला लागलेलं असतं.

म्हणून दादा, तात्या, आणि ज्यांनी ज्यांनी फोन केलेत त्यांनी ऐका. घास पेरायचा तर ऑक्टोबरात, पाऊस सरल्या सरल्या. त्या तुकड्यात त्या वर्षी ऊस नको, पावसाळ्यात धैंचा टाका, दीड महिन्याने गाडा. धैंचाला खार आणि पाणी दोन्हीची फार तक्रार नसते. रान आधी सपाट करून घ्या, कारण वाफ्यात जो उंचवटा पाण्याखाली जात नाही तिथेच मीठ गोळा होतं, आणि तुमचे ते चट्टे बहुतेक वेळा त्या उंचवट्यांचेच असतात. सरीवर पेरणार असाल तर वरंब्याच्या माथ्यावर बी टाकू नका. दोन्ही सऱ्यांतलं मीठ ओलीबरोबर माथ्यावरच येऊन बसतं. वरंब्याच्या बगलेत टाका. पहिला महिना-दीड महिना हलकं पाणी, पण वरचेवर, वरचा थर वाळू द्यायचा नाही. आणि जिप्सम सरसकट ओतू नका. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीला सोडियम चिकटून बसला असेल, तर जिप्सम कामाचं. नुसती खारी असेल तर तिला पाणी हवं आणि पाण्याला बाहेर जायला वाट हवी.

वाट. इथेच सगळं अडतं. सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून निचरा करता येतो, शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ते केलेलं आहे, रानं परत पिकायला लागलेली आहेत. पण तो खर्च एकट्याला झेपत नाही, आणि झेपला तरी पाइपाचं तोंड ओढ्यापर्यंत न्यायला मध्ये चार जणांची रानं लागतात. त्यातल्या एकाशी बांधावरून कोर्टात केस चालू असते, दुसरा मुंबईला असतो, तिसऱ्याने ओढाच नांगरून रानात घेतलेला असतो. आता बाटली बघा. कुणाला विचारायला नको, कुणाशी बोलायला नको, एकट्याने जायचं, एकट्याने आणायची. बाटली खपते ती यामुळे. ती जिवाणूंवर कमी आणि भाऊबंदकीवर जास्त जगते.

निचऱ्याचं ते खारं पाणी शेवटी नदीत जातं आणि खालच्या गावाच्या वाट्याला येतं, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की मुळात उसाला पाणी कमी दिलं तर बाहेर काढायलाही कमी लागेल.

"पण जनुकांचं काय?" असं आमचा भाचा विचारतो. गव्हात झालंय ते. रानटी नातेवाइकाकडचं सोडियम अडवणारं जनुक ड्युरम गव्हात आणलं, २०१२ मध्ये खाऱ्या रानात २५ टक्क्यांपर्यंत जास्त उत्पन्न मिळाल्याचं छापून आलं. मस्त काम आहे. पण गहू स्वतःशीच फळतो, एकदा आणलेलं जनुक तिथे टिकतं. घासात गुणसूत्रांचे चार-चार संच, परागीभवन मधमाश्यांच्या हाती, एका पिशवीतली दोन रोपं सारखी नाहीत. घासाचं वाण म्हणजे एक माणूस नसून अख्खं गाव असतं. वेळ लागणार. तोवर जनावरांनी काय खायचं?

उलट यातच एक गंमत दडलीय. प्रत्येक रोप वेगळं आहे, म्हणजे चट्ट्यांच्या कडेला जी रोपं तीन वर्षं टिकली, त्यांत काही खरोखर चिवट असणार. एखाद्या उन्हाळ्यात तेवढीच न कापता बियाला सोडून बघायला हरकत नाही. फक्त ती चिवट आहेत की नुसती चांगल्या जागी उगवली, हे कळायला त्यांच्या बुडाची माती वेगळी तपासावी लागेल. शंभर रोपांतली दहा निघाली तरी मला कळवा, मी सुट्टी टाकून येते.

आणि दादा, एकरी चार बाटल्या सांगतोय ना तो? तेवढ्या पैशात जेसीबी काही तास तरी येईल. ओढ्याकडचा जुना चर आधी उकरून घे. शेजारच्या बापूंशी बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे, तरी बोल, कारण चर त्यांच्याच बांधाखालून जातो. बांधावर शेवरी लाव, शेरडं खातील. बरसीमचं काय ते दिवाळीला आले की बोलू.